जागरातली मोकळी जागा

एका राज्यात पहाट अडकून पडली होती. सूर्य डोंगराआडून अर्धा वर आला आणि तिथेच थांबला. कोंबडे आरवून आरवून दमले, कमळे अर्धीच उमलली, आणि राजा वज्रबाहू दरबार भरवावा की नाही या विचारात सिंहासनाच्या पायरीवर बसून राहिला.

झाले होते असे. धूम्रकेश नावाचा जादूगार राजाकडे पाहुणा आला. रीतीप्रमाणे पहाटे नौबतखान्यात सनई, वीणा आणि नगाऱ्याचा जागर सुरू झाला. या जागराने सूर्य उगवतो, हे त्या राज्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण पाहुण्याची झोपमोड झाली! त्याने उशीवरूनच शाप दिला, आणि तिन्ही वादक बसल्या जागी शिळा झाले.

राजाने हात जोडून उःशाप मागितला.

"त्यांच्या वाद्यांना हात लावील तो शिळा होईल," जादूगार म्हणाला. "दुसऱ्या एकाच वाद्यावर, एकाच माणसाने तिघांचा जागर उठवावा. संधी तीन. तिसऱ्यांदा चुकला, तर शिळांची वाळू होईल."

एवढे बोलून तो घोरू लागला. झोपेचे इतके लाड कुणी पुरवू नयेत, पण पाहुण्याला सांगणार कोण?

सनईवाल्या संतोजीची एकुलती मुलगी कुंतला. तिला बापाखेरीज जगात कुणी नव्हते. दर्यावर्दी व्यापाऱ्यांनी दिलेली सहा तारांची गिटार घेऊन ती राजापुढे उभी राहिली.

"मुली, हे परके वाद्य," राजा म्हणाला. "यात आपला जागर मावेल?"

"मावायलाच हवा, महाराज. त्या शिळेत माझे आबा आहेत."

जागरातला एकही स्वर गाळायचा नाही, असा तिने पण केला. एक स्वर सुटला आणि आबांचे एक बोट दगडाचेच राहिले तर? म्हणून तिने तिघांचे सगळे स्वर सहा तारांवर कोंबले. बोटांचा गुंता झाला, तार तुटली, आणि संतोजीच्या शिळेला खांद्यावर तडा गेला. कुंतलेला रडू कोसळले.

मग तिने नवी तार चढवली आणि धीराने एकेका वाद्याचा आवाज गिटारीवर शोधायला घेतला. वीणेचा खर्ज खोल होता. तिने सर्वांत जाड तार खुंटी फिरवून खाली उतरवली, तेव्हा खर्ज सापडला. नगाऱ्यासाठी तिने घोडीजवळ, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीजवळ, तारांवर अंगठ्याची थाप दिली. सनईने मात्र तिला रडवले. फुंकलेला स्वर श्वासभर टिकतो, छेडलेला लगेच विझतो. शेवटी तिने एकच तार तीन बोटांनी इतक्या भरभर छेडली, की तुटक थेंबांची धार व्हावी तसा स्वर सलग वाहू लागला.

दुसऱ्या वेळी जागर कळसापर्यंत पोचला. तिथे वीणा तळाशी जाते, नगारा घुमतो आणि सनई सर्वांत वरचा स्वर धरते. डावा हात तिथवर पुरेना. तिने बोट ताणले, स्वर बेसूर निघाला, आणि तडा शिळेच्या छातीपर्यंत उतरला.

नौबतखान्याच्या वळचणीला एक म्हातारी साळुंकी राहत असे. ती सगळ्यांच्या नकला करी आणि माणसांसारखी बोले.

"पोरी, मी बैलगाडीची नक्कल करते, तेव्हा काय काय करते?" तिने विचारले.

"आसाची करकर."

"बैल? चाके? गाडीवान?"

"ते नसतात."

"तरी लोक वाटेतून बाजूला होतात. एवढ्याशा चोचीत सगळी गाडी कशी मावेल? करकर नेमकी असली, की उरलेली गाडी ज्याची त्याला ऐकू येते. तू काय सोडणार?"

कुंतला तारांवर बोटे ठेवून कळसाचा एकेक स्वर तपासू लागली. खर्ज सोडला तर कळसाचा पायाच जातो. थाप सोडली तर चाल मोडते. उरला तो वरचा स्वर, आबांचा स्वर. बापाला सोडवायला आलेल्या मुलीने बापाचाच स्वर गाळायचा! तिचा जीव तुटला. पण शिळेपेक्षा आबा तिला अधिक ठाऊक होते. वाट करून दिली, की ते न बोलवता येत.

तिसऱ्यांदा ती वाजवू लागली. कळस आला. तिने खर्ज छेडला, थाप दिली, सनईची धार त्या स्वराच्या उंबऱ्यापर्यंत नेली आणि हात उचलला. 

तेवढ्यात दगडी छाती हलली. दगडी ओठांतून, सनईवाचून, नुसत्या फुंकरीने तो वरचा स्वर निघाला आणि श्वासभर टिकला. मग वीणा जागी झाली, नगारा जागा झाला, आणि तड्यांची धूळ झटकत संतोजी उठून बसला. सूर्य डोंगरावरून सुटला. धूम्रकेशही जागा झाला आणि न्याहारीलाही न थांबता, रुसून निघून गेला.

संतोजीने लेकीकडे पाहिले. कलावंताचा स्वभाव, जिवावरचे संकट टळले तरी जायचा नाही.

"कुंतले, वरचा स्वर गाळलास."

"गाळला नाही, आबा. तुमच्यासाठी ठेवला होता."

आजही त्या राज्यात जागर गिटारीवर वाजतो. कळसाला वाजवणारा हात उचलतो, आणि ऐकणारे आपापल्या घरात तो स्वर गुणगुणतात. त्यांनी गुणगुणले, की सूर्य वर येतो.