अर्धं जातं

लहानांनो ऐका, थोरांनो तुम्हीही कान द्या. गोष्ट फार फार जुनी आहे, पण दगडाची आहे, म्हणून अजून झिजलेली नाही.

एका माळरानावरच्या गावात सलग तीन वर्षं पाऊस पडला नाही. लोक चिंचोके भाजून खाऊ लागले. तेवढ्यात बातमी आली, सात डोंगरांपलीकडचा राजा तळं खणतोय. येईल त्याला रोज शेरभर ज्वारी आणि पुढे कसायला जमीन देतोय. झालं! गाव निघालं.

ठकीची आई आणि शेजारची भिवराकाकू, या दोघींत एकच जातं होतं. रोज पहाटे दोघी समोरासमोर बसून, एकच खुंटा धरून, ओव्या म्हणत दळायच्या. पण निघायच्या दिवशी जातं कुणी न्यायचं यावरून अशी जुंपली की काही विचारू नका. शेवटी आईने वरचा दगड उचलला, काकूने खालचा. अर्धं-अर्धं जातं डोक्यावर घेऊन दोघी ताठ मानेने चालू लागल्या. शहाण्याच त्या! लाकडी खुंटा तेवढा मातीत पडला होता, तो दहा वर्षांच्या ठकीने उचलला.

बाकीच्यांनी आपली जाती जड म्हणून वाटेतच टाकली. या दोघींनी मात्र हट्टापायी दगड सोडले नाहीत.

तळ्यावर ज्वारी खरंच मिळाली. पण दळायची कशात? आईने अख्खी शिजवली. ठकीचा धाकटा भाऊ खंडू, त्याच्या उपाशी पोटाला ते दाणे सोसेनात. खाल्लं की ओकायचा. चार दिवसांत पोराचं चिपाड झालं.

काकूचं पाल तळ्याच्या पलीकडे होतं. "आई, काकूकडे जाऊ?" ठकीने विचारलं.

"तिकडे फिरकलीस तर तंगडं मोडीन!" आई म्हणाली, आणि डोळे पुसत राहिली.

तंगडं मोडलं तरी चालेल, खंडू जगला पाहिजे. ठकी खुंटा घेऊन पळत सुटली.

काकू पालासमोर तिच्या दगडावरच बसली होती. "आईने धाडलं वाटतं?"

"नाही. तिला कळलं तर मार खाईन. या खुंट्याला करमेना, म्हणून आले." एवढं बोलली आणि ठकीला रडूच फुटलं. "खंडूच्या पोटात काही ठरत नाही गं काकू!"

"अगं मेले, हे आधी नाही का सांगायचं!" काकूने दगड डोक्यावर चढवला. "आणि तुझी आई भांडली तर?"

"दळता दळता भांडा की."

काकू खो खो हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

दोघी पालाशी येताना दिसल्या तशी आई उठली. तिने वरचा दगड खालच्यावर बसवला, खुंटा ठोकला आणि सरकून काकूला जागा केली. पहिली ओवी दोघींनी हळूच म्हटली. दुसरीला मात्र अख्खी वस्ती दाणे घेऊन गोळा झाली!

खंडूने पेज प्यायली, ती पोटात ठरली. आठवड्याभरात तो सगळ्यांच्या पालांतून धुडगूस घालू लागला. पुढे तळं भरलं, वस्तीचं गाव झालं. तिथे आजही नवं बिऱ्हाड आलं की आधी जात्यापाशी बसवतात, जागा मग दाखवतात.

म्हणून सांगतो: भाकरी वाटून घ्यावी, जातं वाटून घेऊ नये.