चौथी ओळ, चौथी जागा

“म्हणजे मरेपर्यंत मी कोपऱ्यातच बसायचं का, अक्का?”

हैबतीने पिशवी खांद्याला अडकवूनच विचारलं.

चांगुणाक्का टेकडीवरच्या मठाच्या गुरू. त्यांचे शिष्य चार ओळींत बसत, एका ओळीत चार जण. प्रत्येकाच्या हातात आपली घंटा, प्रत्येक घंटेचा सूर वेगळा. अक्का समोर बसून फक्त आकडे बोलायच्या... ओळ कितवी, जागा कितवी. ज्याला हाक येई, त्याने घंटा वाजवायची. त्यातून रोज नवं भजन उठायचं.

हैबतीची जागा शेवटच्या ओळीत शेवटची.

“माझ्याइतका कान इथे कुणाला आहे?” तो म्हणाला. “आज उत्सव. सगळा गाव अंगणात जमलाय. पहिल्या ओळीत बसवा, नाहीतर हा मी निघालो.”

पहिल्या ओळीतले पहिले यमाजीबुवा हसले. “ये बाबा, ये. इथे ऊन थेट डोळ्यांत येतं. माझी तरी सुटका होईल.”

अक्कांनी नुसती होकाराची मान हलवली.

दोघांनी आपापली घंटा घेऊन जागा बदलल्या. हैबती ताठ बसला.

“पहिली ओळ, पहिली जागा.”

हैबतीने घंटा वाजवली. खणखणीत!

“दुसरी ओळ, अख्खी.”

चार घंटा एकामागून एक वाजल्या.

“तीच ओळ, उलटी.”

तेच सूर शेवटाकडून परत आले. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला.

“चौथी ओळ, चौथी जागा.”

बुवांची घंटा जाड आवाजात घुमली... आणि भजन खाली बसलं.

तिसऱ्या ओळीला आज हाकच नव्हती. पुन्हा दुसरी ओळ, पुन्हा चौथीतली चौथी. पुन्हा तीच. भजन वर चढायला जाई आणि बुवांपाशी येऊन अडखळे.

“बुवा, हातात घंटा आहे का भोपळा?” गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

“भोपळा बरा. त्याची भाजी तरी होते!”

सगळे हसले. हैबती हसला नाही.

त्याला परत हाक आलीच नव्हती. आणि जिथे हाक जात होती, तिथे कुठला सूर हवा, ते त्याच्या कानाला कळत होतं...

त्याचाच.

“अक्का, थांबा! थांबा!”

घंटा उचलून तो उठला. पिशवी तिथेच राहिली. ओळींमधून धावत तो कोपऱ्यात पोहोचला.

“बुवा, उठा! लवकर!”

“आत्ता कुठे सावलीत टेकलो होतो रे...” कुरकुरत बुवा आपल्या उन्हात परतले.

अक्कांनी तेच आकडे पहिल्यापासून घेतले. बुवांची घंटा धीरगंभीर घुमली. दुसरी ओळ सुलटी गेली, उलटी आली. मग चौथीतली चौथी... आणि भजन उसळून वर गेलं! पुन्हा चौथी! पुन्हा! अख्खा गाव उभा राहिला. एक म्हातारी काठी टाकून नाचायला लागली.

हैबती घामाने निथळत होता.

“अक्का! सगळे जागच्या जागी... तरी मागचं पुढे आलं, पुढचं मागे गेलं! मग... मग खरी पहिली ओळ कुठली?”

अक्कांनी डोळे मिटले.

नवं भजन सुरू होणार होतं...

“चौथी ओळ,” अक्का म्हणाल्या, “चौथी जागा.”