सावरखोलच्या माळावरील कांब

सावरखोल गावाच्या पश्चिमेस, खाडीकडे उतरणाऱ्या वाटेवर, एक विस्तीर्ण कातळ आहे. त्यास कांबेचा माळ म्हणतात. लाकूड कापून फळ्या पाडण्याचा धंदा या गावात अनेक पिढ्यांपासून चालत आला आहे, आणि त्या धंद्यातून जे उरते, म्हणजे साल, ढलप्या, भुसा, डहाळ्या आणि पाला, ते सारे या माळावर आणून ठेवतात. नवख्या माणसास प्रथम नवल वाटते ते तेथील शिस्तीचे. एकही ढीग उभ्या बाईच्या खांद्याहून उंच नसतो. दोन ढिगांमध्ये बैलगाडी वळेल एवढी जागा मोकळी असते. हिरवा पाला आणि सुक्या ढलप्या एकत्र आढळत नाहीत. सर्वांत जवळचे घर शंभर पावलांवर आहे. आणि प्रत्येक ढिगाच्या पोटात एक लोखंडी कांब खोल खुपसलेली असते.

माळाची देखरेख द्वारकाबाई मेस्त्री यांच्याकडे आहे. वय ऐंशीच्या पुढे. कोणी त्या कांबेविषयी विचारले, तर त्या आधी उत्तर देत नाहीत. पाहुण्याला कांब उपसायला सांगतात. पाहुणा हसत पुढे होतो आणि लोखंड हाती येताच दचकून त्यांच्याकडे पाहतो. सावलीतल्या ओलसर पाल्यातून निघालेले ते लोखंड चांगलेच ऊबदार असते.

"चार दिवसांचो ढीग हा ह्यो," द्वारकाबाई सांगतात. "म्हयनाभर ठेवा, मगे धरून बघा." आणि मग त्या पुढील हकिकत सांगू लागतात.

फार पूर्वी, असे सांगतात, खाडीकाठी सावरखोलात एका मोठ्या गलबताचे काम चालू होते. गावचा कारभार सोमाजी नाईक पाहत असत. माणूस कष्टाळू, शब्दाचा पक्का आणि गावाचा अभिमान बाळगणारा. त्या काळी लाकडाचा केर दोन ठिकाणी पडे: एक ढीग वाडीच्या मध्यावर, जेथे ओंडके चिरीत त्या करवतीच्या खड्ड्यांजवळ, आणि दुसरा खाली, गलबताच्या अगदी कुशीला. नाईकांना हे ढीग उंच हवे असत. खाडीतून गलबत घेऊन येणाऱ्या तांडेलाने दुरूनच ढिगाचा माथा पाहावा आणि सावरखोलचे हात किती चालतात ते ओळखावे, असा त्यांचा विचार होता. म्हणून केर शेतात नेण्याचे थांबले. वाडीतला ढीग नारळाच्या झाडाच्या निम्म्या उंचीवर गेला म्हणे, आणि खालचा ढीग गलबताच्या काठाला टेकला.

हा केर वाहण्याचे काम आवडाई मेस्त्रीण करी. तिचा नवरा करवतीच्या कामातच दगावला होता. ढीग रचणे, तो दाबणे, आणि केर शेतात जात असे तोवर शेतकऱ्यांना पाला काढून देणे, हे सारे तिच्या हातचे काम. नाईकांची आई राधाई अंथरुणाला खिळलेली होती. तिला दोन वेळा पेज भरवायलाही आवडाईच जाई.

फाल्गुन सरला. वारा कोरडा झाला. शेजारच्या गावात एका गंजीवर चुलीतली ठिणगी पडली आणि गंजी जळाल्याची बातमी आली. नाईक सावध झाले. त्यांनी दवंडी दिली की, दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत वाडीत कोणी चूल पेटवायची नाही, चिलीम ओढायची नाही, लोहाराने भट्टी फुंकायची नाही. एवढ्यावर ते थांबले नाहीत. ओले कधी पेटत नाही, या हिशेबाने त्यांनी दोन्ही ढिगांवर रोज विहिरीचे पाणी ओतविले, आणि वाऱ्याला आत शिरायला फट राहू नये म्हणून वर माणसे चढवून ते तुडवून घेतले. वरून ओल्या पाल्याचे जाड आवरण घातले. आगीला येण्यासाठी एकही वाट उरली नाही, असे साऱ्या गावाला वाटले. बायकांनी पंधरा दिवस रात्रीचा भात दुपारी थंड खाल्ला आणि कुरकुर केली नाही.

एके सकाळी आवडाई चावडीवर आली. तिचे शब्द तिच्याच बोलीत सांगायचे असतात, असा द्वारकाबाईंचा आग्रह असतो.

"नाईकानू, वाडीतल्या ढिगाक ताप इलो हा. फोडा तो."

"ताप?" नाईक म्हणाले. "मगे वैदाक बोलवया काय?"

करवतीवरचे लोक हसले. त्यांतला एक म्हणाला, "काढो पाज गो आवडे त्येका, सुंठ घालून."

"हसा," ती म्हणाली. "माजो हात आत गेलो तेवा माका हसूक येवक नाय. आतून जळतलो तो."

कोणी उठले नाही. एवढा मोठा ढीग फोडायचा म्हणजे आठ दिवसांचे काम, आणि तेही एका बाईच्या हाताला ऊब लागली म्हणून. नाईकांनी त्या दिवशी दुप्पट पाणी ओतविले.

तिसऱ्या दिवशी, टळटळीत दुपारी, ढिगाचा माथा आपोआप खाली बसला. आधी आंबूस वासाची पांढरी वाफ निघाली. माणसे जेवणावरून उठून पाहू लागली. मग त्या खळग्यातून जाळ वर आला. वाडीत एकही चूल पेटलेली नव्हती. लोहाराच्या भट्टीत गार राख होती. आकाश निरभ्र होते. वीज पडली म्हणावे, तर ढगाचा तुकडा नव्हता. तरी जाळ येत होता, आणि तो बाहेरून आत न जाता आतून बाहेर येत होता. असे सांगतात की, कितीतरी वेळ कोणी जागचे हललेच नाही. हातात घागरी असलेल्या बायका घागरी तशाच धरून उभ्या राहिल्या. भान आले, तोवर वारा फिरला होता.

अकरा घरे गेली. माणसे खाडीकडे पळाली म्हणून वाचली. राधाईला पळता येत नव्हते. तिला आणायला नाईक स्वतः घराकडे धावले, परंतु ओटीचे छप्पर त्यांच्या डोळ्यांदेखत खाली आले आणि आई आतच राहिली.

दुसऱ्या दिवशी गाव चावडीसमोर जमला. जे घडले ते कोणाच्या बुद्धीत बसत नव्हते, आणि न बसणाऱ्या गोष्टीला नाव दिल्याशिवाय माणसाला राहवत नाही. विस्तव नव्हता, मग तो कोणीतरी लावला असला पाहिजे. कोणी लावला, हे शोधायला फार दूर जावे लागले नाही.

"आग लागतली ह्या तुका तीन दिवस आदी कसा कळला?" नाईकांनी आवडाईला विचारले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

"हाताक कळला."

"हाताक," नाईक म्हणाले. "मगे तो हातच सांगात काय ता."

त्या काळी अशा दोषाचा निवाडा दिव्याने, म्हणजे अग्निपरीक्षेने, होत असे. लोहाराच्या भट्टीत लोखंड लाल करायचे आणि ते आरोपीच्या तळहातावर ठेवायचे. हात भाजला तर तो दोषी, न भाजला तर निर्दोष. दोषी ठरलेल्याला गावाबाहेर घालवीत, आणि त्याच्या हाताला कोणी कधी काम देत नसे. नाईकांनी पंचांसमक्ष नियम उच्चारला: ज्याचा हात जळेल, त्याने आग लावली. पंचांनी मान डोलावली.

आवडाई पळाली नाही, की रडली नाही. तिने एवढेच मागितले:

"कांब भट्टीत नको. खालच्या ढिगात घाला, गलबताकडच्या. थंय इस्तव नाय, ह्या तुमीच सांगतास. थंड इली तर आग मीच लावलंय म्हणा, आणि माजो हात तोडा."

हे ऐकून लोक चक्रावले. जिचा हात सुटावा म्हणून लोखंड थंड निघायला हवे, तीच ते गरम निघावे असे म्हणत होती. एक पंच हळूच म्हणाला, "आगीन डोक्यावर परिणाम झालो हिच्या." परंतु मागणे नाकारण्यास कारण नव्हते. पुरुषभर लांबीची कांब आणली. चौघांनी ती ढिगाच्या माथ्यातून सरळ खाली ठोकली, मूठभर टोक वर ठेवून. सूर्य एक कासरा वर आला होता. तो माथ्यावर येईपर्यंत सारा गाव त्या ढिगाभोवती बसून राहिला. जवळ गलबत उभे होते. दोन वर्षांच्या श्रमाची त्याची फळी अन् फळी. गलबताच्या पलीकडे उरलेली वाडी होती.

माध्यान्ह झाली. आवडाई उठली आणि कांबेकडे निघाली.

नाईकांनी तिला अडविले. दिव्याच्या आधी लोखंड सर्वांना दाखविण्याची रीत होती, आणि हे लोखंड थंडच असणार याविषयी त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ते थंड असल्याचे आपल्या उघड्या हाताने दाखवावे आणि हा प्रकार संपवावा, असे त्यांना वाटले असावे. ते ढिगावर चढले, त्यांनी कांब हिसके देऊन उपसली आणि तिचे आत असलेले टोक उजव्या मुठीत घट्ट धरले.

कांब त्यांच्या हातून खाली पडली. तिच्यासोबत तळहाताची कातडी गेली.

नाईक आपल्या हाताकडे पाहत राहिले. कांबेने केलेल्या भोकातून एक बारीक पांढरी वाफ सरळ वर चढत होती. तोच आंबूस वास आला, जो आदल्या दुपारी आला होता. तो वास साऱ्या गावाने ओळखला.

पहिली हलली ती आवडाई. "कडेसून काढा," तिने सांगितले. "मधी हात घालू नकात. पातळ पसरा, आणि पसरलेल्यावरच पाणी मारा." फावडी आली, दाताळी आली. बायकांनी सुपांनी केर ओढला. दिवस मावळेपर्यंत माणसे त्या ढिगाला कडेने पोखरीत गेली. तळाशी पोहोचली तेव्हा ढलप्या कोळशासारख्या काळ्या झालेल्या आढळल्या, आणि मोकळी हवा लागताच त्यांच्या कडा लाल झाल्या. तेथे पाणी ओतले गेले. गलबत वाचले, वाडी वाचली. नाईकांनी त्या वेळी पाहिले, की काळ्या ढलप्यांभोवतीचा पाला वरच्यापेक्षा अधिक ओला होता, आणि त्या ओलीतच कुजून आत ताप चढला होता. तो पाला ओला त्यांनीच करविला होता, आणि तुडवूनही त्यांनीच घेतला होता. वाडीतल्या ढिगावर तर आवडाईने सांगितले त्याच दिवशी त्यांनी दुप्पट पाणी ओतविले होते.

सकाळी ते पंचांसमोर उभे राहिले आणि उजवा तळहात वर केला.

"निकाल लागलो. हात माजो जळलो."

एक पंच म्हणाला, "नाईकानू, दिव्य तुमका नव्हता."

"कांब धरली कोणी? हात जळलो कोणाचो?" नाईक म्हणाले. त्यांची नजर आईच्या जळालेल्या ओटीकडे वळली. "आवशीक मीच मारलंय. काय ती शिक्षा आवडाईन सांगूची."

सारे आवडाईकडे पाहू लागले. तिच्या मनात काय आले असेल, ते द्वारकाबाई सांगत नाहीत. त्या फक्त तिचे शब्द सांगतात.

"तुमच्या आवशीक मी पेज भरवी. तुमका सोडूचा म्हटला तर माका जमाचा नाय, आणि गावाभायर घालूचा म्हटला तरी जमाचा नाय. हयच ऱ्हवा. ढीग माज्या खांद्याच्या वर जाता नये. ओला आणि सुका एकठय ठेवूचा नाय. घराक लागान, गलबताक लागान काय ठेवूचा नाय. मृगाच्या आदी सगळा शेतात गेला पायजे. आणि दर एका ढिगात कांब. ती रोज सकाळी तुमी धरूची. तुमच्याच हातान."

नाईकांनी ते मान्य केले. माळ घरांपासून दूर आखला गेला तो त्याच महिन्यात. भाजलेला हात पुढे पुरता मिटत नसे. तरी मरेपर्यंत त्यांनी त्याच हाताने कांब धरली म्हणे. एकदा पावसाळ्याआधी ती असह्य लागली, तेव्हा त्यांनी साऱ्या गावाच्या आधी ढिगात फावडे घातले.

आता करवत विजेवर चालते. गावाला ग्रामपंचायत आहे, आणि केर कसा साठवावा याचे छापील नियम तिच्या भिंतीवर लावलेले आहेत. तरी आजही सकाळी साडेसातला नाईकांच्या घरातील कोणी ना कोणी माळावर येते. सध्या येते ती त्या घरची धाकटी सून. तालुक्याच्या बँकेत नोकरी करते, आणि आठची बस पकडायची असते म्हणून जरा घाईत असते. ती एकेक कांब उपसून मुठीत धरते, मनात दहा आकडे मोजते आणि परत खुपसते. मग द्वारकाबाईंसमोर उभी राहून उजवा तळहात उघडते. द्वारकाबाई चष्मा लावतात, तो हात आपल्या हातात घेतात आणि नीट पाहतात. त्यांनी तो खाली सोडल्याशिवाय सावरखोलात करवत सुरू होत नाही.