डँपरवरची खूण

“खूण तुम्हीच पुसली ना, मिस्त्री?”

नरसय्या मिस्त्रींनी बॉयलरच्या भट्टीत एक ओंडका सारला. “मीच पुसली.”

श्रीशैलला वाटलं होतं, म्हातारा कानांवर हात ठेवील. हा तर सरळ कबूल झाला! त्याचा संशय उलट वाढलाच.

सोलापुरातल्या त्या डाईंग कारखान्यातून मिस्त्री शनिवारी निवृत्त होणार होते. सोमवारपासून बॉयलर श्रीशैलच्या हाती. मालकांनी बजावलं होतं, वाफ कमी पडली आणि चादरींचा एक जरी लॉट डागाळला, तर दुसरा माणूस बघू. आणि दुसरा माणूस म्हणजे मिस्त्रींचा भाचा, कधीचा टपून बसलेला!

सगळी मेख धुराड्यातल्या डँपरमध्ये होती. ती झडप जितकी उघडी, तितकी भट्टी हवा ओढणार. श्रीशैल आयटीआयचा, पहिल्या नंबरातला, पण विचारायचं म्हणजे कमीपणा! मिस्त्री झडपेचा दांडा कुठे थांबवतात ते चोरून बघायचं आणि तिथे खडूने खूण करायची, असं त्याचं चाललं होतं. रोज सकाळी खूण गायब.

“चुकीची होती?”

“छे! अगदी बरोबर होती.”

“बरोबर होती, तरी पुसली?” श्रीशैलचा आवाज चढला. “सरळ सांगा की, विद्या भाच्यासाठी राखून ठेवलीय म्हणून!”

मिस्त्रींनी दांडा ओढला आणि बरोब्बर कालच्या जागी आणून ठेवला...

मग भट्टीच्या दारातून भसकन धूर बाहेर आला. श्रीशैल खोकून खोकून बेजार झाला.

मिस्त्रींनी त्याच्या हातात एक ओंडका दिला. चांगलाच जड होता, ओला. काल वाळकी बाभूळ होती.

श्रीशैलने मुकाट्याने दांडा ढकलला. थोडा. आणखी थोडा... धूर आत वळला, जाळ मोकळा झाला. तरी त्याच्या मनातलं जाईना.

“मिस्त्री, सोमवारी मी एकटा असणार. पोटावर पाय येईल माझ्या. भाच्याला सांगाल ते मलाही सांगा, पाया पडतो. दांड्याची खरी जागा कोणती?”

मिस्त्री हात झटकत हसले.

“अरे, एकतीस वर्षं रोज शोधतोय. सापडली असती, तर कधीच घरी नसतो का बसलो?”