कोठीवाल्याचा भात

“...म्हणजे खाली भांडार असावं आणि त्याच्या आत आभासी संगणक चालवावेत, की खाली आभासी संगणकांची व्यवस्था असावी आणि भांडार हे त्यांतलंच एक? बुवा, प्रश्न एवढाच आहे,” सबनीस म्हणाले.

निरंजनबुवांनी डोळे मिटले. मठातली दुपारची पंगत नुकतीच उठली होती. संन्यास घेण्यापूर्वी बुवा संगणकाच्या कामात होते, हे सबनीसांना कुठून तरी कळलं होतं. तेव्हापासून बुवांची वामकुक्षी गेली होती.

डॉ. मुकुंद सबनीस गणिताचे निवृत्त प्राध्यापक. घरातलं सगळं साठवणारा एक सर्व्हर, त्यांच्या भाषेत भांडार, त्यांनी उभारायला घेतला होता. त्याच एका यंत्राच्या पोटात गाण्यांसाठी एक, फोटोंसाठी एक, असे वेगवेगळे आभासी संगणक चालवायचे होते.

“एकदा केलं होतंत ना?” बुवांनी विचारलं.

“केलं होतं. भांडारच आभासी केलं. त्याची राखीव प्रत त्याच भांडारात ठेवली. एकदा वीज गेली, आणि पुन्हा सुरू होईना. प्रत आत, आणि आत जायला तीच प्रत हवी.”

“सगळे आधी तिथेच ठेवतात.”

“म्हणून या वेळी पक्कं ठरवूनच हात लावणार. सगळं वाचलंय मी. जाणकारांतच एकमत नाही.”

“त्यांच्या घरी कोण वाट बघतंय?”

सबनीसांनी ओसरीकडे पाहिलं.

ओसरीत खांबाला टेकून मालिनीबाई, त्यांची पत्नी, बसल्या होत्या. पदराचं टोक बोटांनी उलगडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या. त्यांची आठवण हळूहळू जात चालली होती. त्यांच्या वडिलांनी गायलेल्या भूपाळ्या कुणीतरी पूर्वी टेप केल्या होत्या; पुढे सबनीसांनी त्या डिस्कवर उतरवून घेतल्या होत्या. त्या ऐकायच्या म्हणून मालिनीबाई सकाळी हट्ट धरत. सबनीस म्हणत, यंत्र नीट लागू दे.

“अजून मागतात?”

“आता... रोज नाही मागत.”



“आमच्या मठात एक रीत आहे,” बुवा म्हणाले. “कोठीची किल्ली ज्याच्या कमरेला, त्यानं चुलीला हात लावायचा नाही. साठवणारा वेगळा, रांधणारा वेगळा.”

सबनीस सावरून बसले. “अगदी हेच! म्हणजे दोन स्वतंत्र यंत्रं. साठवण्याचं एक, चालवण्याचं दुसरं. मला हाच कौल हवा होता.”

“परवा आचारी तापानं पडला. कोठीवाल्यानंच भात लावला.”

“मग... रीत?”

“लोकांना भूक लागली होती.”

“पण बुवा, हा अपवाद झाला. सिद्धांत काय?”

“भात जरा लागला होता खाली. सगळ्यांनी खाल्ला.” बुवा गुडघ्यावर हात रेटत उठले. “त्या भूपाळ्या आहेत कुठे?”

“मूळ डिस्क पिशवीत आहे. घरी ठेवायला भीती वाटते.”

“आणि बरोबर हिंडवायला नाही वाटत?”

बुवांनी हात पुढे केला. सबनीसांनी डिस्क काढली, पण लगेच सोडली नाही. बुवा हात तसाच धरून उभे राहिले. शेवटी सबनीसांनी डिस्क दिली.

मठाची पत्रं काढायचा जुना संगणक ओसरीच्या कोपऱ्यात होता. बुवांनी डिस्क जोडली. आधी नुसती खरखर झाली. मग एक म्हातारा, किंचित घोगरा आवाज उमटला. भर दुपारी भूपाळी सुरू झाली.

मालिनीबाईंची बोटं पदरावर थांबली. थोड्या वेळानं त्याच हातानं त्यांनी मांडीवर हलकेच ठेका धरला.

सबनीस दारातच उभे होते. चष्मा पुसत ते पुटपुटले, “हे ठीक आहे, बुवा. पण हे तात्पुरतं झालं. कायमची व्यवस्था...”

बुवांनी थकल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

“भूपाळीही तात्पुरतीच आहे, सबनीस... संपायच्या आत जाऊन बसा.”