आडोशाचा बाण

पूर्वी मृणालवती नगरीच्या गादीवर जितारी नावाचा राजा होता, त्या काळी बोधिसत्त्वाने तिथल्या राणीच्या थोरल्या भावाचा जन्म घेतला होता. त्याचे नाव क्षेमंकर. धनुर्विद्येत त्याचा हात धरणारा त्या मुलखात कुणी नव्हता. म्हणून ही बहीण, वासुला तिचे नाव, सासरी निघाली तेव्हा राजाने मेहुण्यालाही सोबत आणले आणि सरदारांच्या मुलांना शिकवायचे काम त्याच्यावर सोपवले.

त्या नगरीची एक रीत होती, ती आधी सांगायला हवी. मुलाला आठवे वर्ष लागले की त्याने चारचौघांसमोर एक हरीण मारायचे. याला आद्यशर म्हणत. हरणाच्या रक्ताचा टिळा मुलाच्या कपाळी लागे आणि त्या दिवसापासून तो बायकांत जेवायचे सोडून बापाच्या पंगतीला बसे. पंगतीची हौस कुठल्या पोराला नसते? पोरे वर्षभर आधीपासून हट्ट धरत, आणि थोरांना तर पोरांपेक्षा जास्त घाई. मग मुलाला पेलेल असे धनुष्य करायला सुतार घरी येई. तो दंडाचे माप घेई, खांद्याचे घेई, बोटांना दोरी काचू नये म्हणून मऊ कातडे लावी. आई त्या धनुष्याला रेशमी गोंडे बांधी. मुलाला काय झेपेल याची एवढी काळजी घेतली जाई, की पाहणाऱ्याला भरून यावे. त्या बाणाने हरीण मरेल कसे, हे विचारायला मात्र कुणाला सवड नव्हती.

आठव्या वर्षातल्या पोराने ओढलेली दोरी ती केवढी! तिचा बाण फार तर पोटात रुततो, जीव घेण्याएवढा जोर त्यात नसतो. जखमी हरीण झाडीत पळते आणि तिथे तडफडत पडते. क्षेमंकराला हे पुरते ठाऊक होते. म्हणून त्याला एका गोष्टीचे राहून राहून नवल वाटे. दरसालच्या आद्यशराला हरीण जागच्या जागी कोसळायचे.

राजाचा एकुलता एक मुलगा मंदार आठव्या वर्षाकडे आला, तेव्हा क्षेमंकर राजाकडे गेला. मुलगा अंगाने काटकुळा होता. मामाने त्याला अंगाखांद्यावर खेळवले होते, धनुष्य धरायलाही त्यानेच शिकवले होते.

“महाराज, याचे दंड अजून भरले नाहीत,” तो म्हणाला. “चार वर्षं थांबू या. याला पेलेल असं धनुष्य आणि हरणाला पुरेल असं धनुष्य, ही दोन एक व्हायला वेळ लागतो.”

जितारी हसला. “मेहुणे, मी तर एक वर्ष आधीच, सातव्या वर्षी मारलं. एका बाणात. शिंगं अजून आहेत माझ्या दालनात, जाऊन बघा. की बहिणीच्या पोराच्या हातात बांगड्या भरायचा बेत आहे तुमचा?”

दरबारी मंडळी खो खो हसली. त्यांचे कामच ते.

वासुलाने भावाला आत बोलावून घेतले. “दादा, वाद घालू नकोस,” ती म्हणाली. “तू उद्या कुठंही जाशील. मला इथंच दिवस काढायचेत. एकदाचं होऊन जाऊ दे.” तिच्या समोर मुलाचे नवे धनुष्य होते आणि ती त्याला गोंडे बांधत होती.

तो मंदारला शिकवत राहिला. गवताच्या पेंढीवर नेम धरता धरता एकदा मुलाने विचारले, “मामा, हरणाला दुखतं का रे? पारधी खदिरकआजोबा म्हणतात, त्याला कळतसुद्धा नाही.”

“दुखतं.”

“किती?”

“तुझ्या पायात बाभळीचा काटा मोडला होता ना? तसा काटा पोटात, आणि काढायला कुणी नाही.”

मुलाने पाय उचलून तळव्यावरची काट्याची खूण पाहिली. क्षेमंकराच्या मनात आशा उगवली. आता हा धनुष्य खाली ठेवील, आईला जाऊन सांगेल, मला नको म्हणून. पण मुलगा म्हणाला, “मग मी खूप जोरात ओढीन. म्हणजे ते लगेच मरेल. आणि मामा, तू मला खरं सांगायचं हं. माझ्याच बाणानं मेलं का, ते. बाकीचे उगाच वाहवा करतात.”

“विचारलंस तर सांगेन.”

त्या दिवसापासून पोराने बोटांना फोड येईपर्यंत सराव केला. शिकवणाऱ्याने एक पेरावे आणि शिकणाऱ्याने भलतेच उचलावे, हे दुःख क्षेमंकराला तेव्हा पहिल्यांदा कळले.

आद्यशराचा दिवस तोंडावर आला. राजाचा म्हातारा पारधी खदिरक क्षेमंकराच्या घरी आला आणि दार लावून घेऊन बसला.

“आचार्य, माझी नजर गेली,” तो म्हणाला. “या खेपेला तुम्हीच बसा.”

“कुठं बसू?”

मग खदिरकाने सांगितले. मुलगा मचाणावर उभा असतो तेव्हा मागे करवंदीच्या जाळीच्या आडोशाला एक पारधी बसलेला असतो. त्याच्या बाणाला मुलाच्या बाणाचीच पिसे, तोच रंग. मुलाने दोरी सोडली की त्यानेही सोडायची. हरीण कोसळले की धावत जाऊन आपला बाण उपटून घ्यायचा. खदिरकाच्या बापाने हे केले, आज्याने केले. पारध्यांपलीकडे कुणाला ठाऊक नाही. ज्यांना शंका येते ते चौकशी करत नाहीत, कारण मग स्वतःच्या लहानपणाचीही करावी लागेल.

“आणि महाराजांचं हरीण?” क्षेमंकराने विचारले.

“ते माझ्या बापाचं,” म्हातारा म्हणाला. “आचार्य, तुमचा नेम चुकत नाही. जनावराचे हाल तरी टळतील.”

क्षेमंकराचा जीव कात्रीत सापडला. आडोशाला बसावे, तर आपण या लबाडीचे वाटेकरी. न बसावे, तर ते मुके जनावर पोटात बाण घेऊन झाडीत मरणार. अखेर तो म्हणाला, “बाण मी सोडीन, तो हरणासाठी. पण कुणी विचारलं तर खोटं बोलणार नाही.”

“आजवर कुणी विचारलं नाही,” खदिरक म्हणाला आणि निश्चिंत होऊन घरी गेला.

त्या दिवशी शेजारचे राजे पाहुणे म्हणून आले होते. हाकाऱ्यांनी एक तरुण काळवीट मोकळ्यावर आणले. ते बिथरून थांबले आणि मान वर करून पाहू लागले. मंदारने सारा जीव एकवटून दोरी ओढली. त्याचा बाण काळविटाच्या पोटात घुसला, आणि ते उसळायच्या आत आडोशाचा बाण बरगड्यांतून आरपार गेला. काळवीट पडले. नगारे वाजले. मुलाला खांद्यावर घेऊन लोक नाचले, कपाळी टिळा लागला आणि बापाचा ऊर भरून आला.

मग पंगत बसली. बापाच्या शेजारी नवा पाट मांडला होता. त्यावर मंदार ताठ बसला होता आणि पानावरचे काही न खाता सारखा इकडेतिकडे पाहत होता. क्षेमंकर आत येताच त्याने भर पंगतीत विचारले, “मामा, माझ्याच बाणानं मेलं ना?”

सगळे कौतुकाने हसले. पडद्याआडून वासुला भावाकडे पाहून मान हलवत होती, नको म्हणून. एक शब्द बोलायचा होता. हो म्हटले असते तर पोर सुखाने जेवले असते, बहिणीचा संसार सुखाचा राहिला असता, आणि मेलेल्या काळविटाला त्याचे काही सोयरसुतक नव्हते. हे सगळे क्षेमंकराला दिसत होते. तो दगड नव्हता.

“नाही, बाळा,” तो म्हणाला. “तुझा बाण पोटात लागला. मेलं ते माझ्या बाणानं. मी आडोशाला होतो.”

वाढप्याचा हात थांबला. पाहुण्या राजांपैकी एकाने उचललेला घास पानात ठेवला. कुणी कुणाकडे पाहीना. प्रत्येकाला आपापले पहिले हरीण आठवत होते. जितारीचा चेहरा पांढरा पडला. त्याने दाराशी उभ्या असलेल्या खदिरकाला विचारले, “आणि माझं?”

म्हाताऱ्याने मान खाली घातली. राजाला उत्तर मिळाले.

माणसाला आपली फजिती सोसवत नाही, तेव्हा तो हाताखाली सापडेल त्याच्यावर राग काढतो. राजाने शेजारी पाहिले आणि मुलाला म्हणाला, “ऊठ त्या पाटावरून. आत जा, बायकांत.”

“महाराज, यात मुलाचा काय दोष?” क्षेमंकर म्हणाला.

“दोष तुमचा. दिवस मावळायच्या आत वेशीबाहेर व्हा.”

मंदार उठला. कपाळाचा टिळा त्याने तळहाताने पुसला, तो गालभर पसरला. मामाच्या अंगावरून जाताना त्याने वर पाहिले नाही. एवढ्या एका मुलाने तरी मरणाला खेळ समजू नये, म्हणून क्षेमंकराने सारे केले होते. मुलाला त्यातले इतकेच कळले, की मामाने आपल्याला पाटावरून उठवले.

पुढचे ऐका, कारण ते आणखी कडू आहे. राजाने रीत मोडली नाही. त्याने दवंडी पिटवली, की यापुढे आडोशाला कुणी बसायचे नाही, मुलाने स्वतःच मारायचे. खोटेपणा बंद झाला म्हणून पंडितांनी राजाची पाठ थोपटली. त्या वर्षापासून पोटात पोरांचे बाण घेतलेली हरणे रानात येऊ लागली.

क्षेमंकराने रानाच्या कडेला झोपडी बांधली होती. तो रक्ताच्या मागावर जाई. जे जगण्यासारखे असे त्याचा बाण काढून पाला बांधी. अशी फार थोडी. बाकीच्यांचे डोळे एका हाताने झाकी आणि दुसऱ्या हाताने त्यांना सोडवी. ज्याला एकही हरीण मरायला नको होते, त्याच्या हातून त्या राज्यातल्या कुठल्याही पारध्यापेक्षा जास्त हरणे मेली. संध्याकाळी ओढ्यावर हात धुताना त्याला वाटे, त्या पंगतीत मी एक शब्द वेगळा बोललो असतो तर? तोच प्रश्न घेऊन तो झोपडीत येऊन पडे.

वर्षे गेली. जितारी मेला आणि मंदार गादीवर आला. एके सकाळी तो झोपडीपाशी घोड्यावरून उतरला, मामाच्या पाया पडला आणि समोर जमिनीवर बसला.

“मामा, तुम्ही फार थकलात,” तो म्हणाला. लहानपणी तो मामाला अरेतुरे करी. “आता घरी चला. आई रोज आठवण काढते.”

क्षेमंकराचे डोळे भरले.

“गादीवर आल्या आल्या मी पहिलं काम केलं,” मंदार सांगू लागला. “आडोशाला माणूस परत बसवला. तुम्ही गेल्यावर बाबांनी मला पुन्हा मारायला लावलं होतं, एकट्याला. ते हरीण संध्याकाळपर्यंत ओरडत होतं. मला अजून ऐकू येतं. आता ते हाल कुठल्याही हरणाचे होणार नाहीत, आणि कुठल्याही मुलाला ते ऐकावं लागणार नाही.”

“हालांपुरतं चांगलं केलंस.”

“फक्त एक करा. माझ्या मुलाला यंदा आठवं लागतंय. त्याला काही सांगू नका.”

“त्यानं विचारलं तर?”

“कशाला विचारेल?”

“तू विचारलं होतंस.”

मंदारचा आवाज बदलला. “म्हणून तर म्हणतो. त्या दिवशी तुम्ही ‘हो’ म्हणाला असता, तर माझ्या वाट्याला ते हरीण आलं नसतं. इतकी वर्षं ही हरणं तडफडली नसती. तुमच्या खऱ्यानं कुणाचं भलं झालं, मामा? एकाचं नाव सांगा.”

क्षेमंकराने खूप विचार केला. एक नाव सापडले असते तर त्याने सांगितले असते.

“नाही सांगता येत,” तो म्हणाला. “पण बाळा, दंड भरेपर्यंत त्याला धनुष्य देऊ नकोस. मग कुणाला आडोशाला बसावं लागणार नाही आणि मला काही लपवावं लागणार नाही. मोठा झाल्यावर कदाचित तो मारणारही नाही.”

मंदार हसला. हुबेहूब बापाचे हसू होते ते. “सगळ्यांची मुलं आठव्या वर्षी मारतात. माझाच मागं ठेवू?”

“मग मला नेऊ नकोस. विचारलं तर मी सांगेन.”

“आईसाठीसुद्धा नाही?”

“तिच्यासाठीसुद्धा नाही.”

“मग इथंच राहा,” राजा म्हणाला आणि उठला. जाताना त्याने आणलेली शाल मामाच्या खांद्यावर नीट पांघरली.

त्यानंतर जखमी हरणे रानात आली नाहीत. आडोशाचा माणूस आपले काम चोख करत होता. दरसाल नगारे ऐकू येत, आणि त्या आवाजावरून क्षेमंकराला कळे, की आणखी एक मूल पंगतीला बसले. त्या झोपडीत तो म्हातारा झाला आणि मेला. तोवर त्याला काही विचारायला कुणी आले नाही.

ही कथा भिक्षुसंघाचा गुरू असलेल्या शास्त्याने एका गावाच्या वेशीवर सांगितली. नंदिक नावाचा एक गृहस्थ म्हाताऱ्या बापासह, मुलाच्या दंडाचे माप घेऊन केलेले लहानसे धनुष्य आशीर्वादासाठी घेऊन आला होता. कथा संपली तेव्हा शास्ता म्हणाला, “नंदिका, तेव्हाचा मंदार तू. तुझा हा बाप, जो मघापासून घाई करतो आहे, तो जितारी. घरी वाट पाहणारी तुझी आई ती वासुला. खदिरक आज आमच्या संघातच आहे, त्याने आत्ताही मान खाली घातली आहे. आणि क्षेमंकर तो मीच. बोधिसत्त्वाच्या हातून त्या जन्मी जीवहत्या घडली, पण खोटे बोलणे घडले नाही. त्याचे फळ कुणाला गोड लागले नाही, त्यालाही नाही. तरी त्याने खरे बोलणे सोडले नाही, म्हणून त्याला पारमिता, म्हणजे टोकाला नेलेला सद्गुण, म्हणायचे. तिचे नाव सत्य.”