भिवरा सरदार आणि धुक्याचं दळण

एक होता राजा. पण गोष्ट त्याची नाही, बरं का. तो बिचारा गादीवर बसून नुसता "असं का, असं का" म्हणायचा. गोष्ट आहे भिवराची. वशा, पाय पांघरुणात घे आधी. कुंदे, त्याला चिमटे काढू नकोस. हं, ऐका आता.

तर या राजाचा एक गड होता, काळ्या दगडाचा. एकदा काय झालं, पलीकडच्या राजानं त्या गडाला वेढा घातला. त्याच्याकडे होता एक तिरंदाज, एकडोळ्या. त्याला जे दिसेल ते त्याच्या बाणानं पडलंच म्हणून समजा. चिमणी दिसली, चिमणी पडली. म्हणून गडाच्या दाराबाहेर कुणी पाऊल टाकेना. कोठारात धान्य होतं, पण पाण्याचं टाकं आटलं. पाणी होतं खाली, झऱ्यावर. तटावरून झरा दिसायचा, पण जायची सोय नाही. पहिल्यांदा लेकरं पाणी पाणी करून रडायची. मग रडायचीही थांबली. अरे, रडायलासुद्धा घसा ओला लागतो.

या भिवराला एक लेक होती, चिंगी. तापानं फणफणलेली, ओठ फुटलेले. आणि दोन दिवस झाले, ती रडली नव्हती. भिवरानं तिला जावेच्या मांडीवर दिलं, पदर खोचला आणि तडक दरबारात गेली.

म्हणाली, "महाराज, आपल्या या गडाच्या दगडाची जाती आहेत ना, त्यांत दवाचा घास घातला की धुकं दळून निघतं. माझ्या सासूबाई सांगायच्या. मी काल दळून बघितलं, अख्खं स्वयंपाकघर भरलं. गडावरच्या सगळ्या बायकांना जात्यांसकट तटावर बसवा. डोंगर झाकून टाकू. मग त्या एकडोळ्याला काय दिसणार, कपाळ? तेवढ्यात माणसं पाणी घेऊन येतील."

आता वशा विचारेल, दवच प्यायचं की. वाटीभर दवानं गडाची तहान भागते का, शहाण्या?

दरबारात होते सेनापती वाघोजी. मिशा अशा, की लिंबू ठेवावं. ते हसले. "बायकांची फलटण? आजवर कधी झाली नाही."

भिवरा म्हणाली, "तहानेनं मेलेली फौजही आजवर झाली नव्हती, सेनापती. ती होऊ द्यायची का?"

वाघोजींना राग आला. "दळायला काय अक्कल लागते?" असं म्हणून भिवरानं दाखवायला आणलेल्या जात्यापुढं बसले की मांडी ठोकून. खुंटा धरला आणि लागले गरागरा फिरवायला. पण घास घालायचा असतो, हे त्यांना कुठं ठाऊक? रिकामं जातं कधी फिरवू नये, बाळांनो. त्याला भूक लागते. आणि या गडाच्या जात्याची भूक म्हणजे विचारू नका. वाघोजींच्या कमरेची कट्यार सुळ्ळकन निघाली ती थेट जात्याच्या तोंडात. खाली लोखंडाचं पीठ. मग तलवार सरकायला लागली. खुंटा काही हातातून सुटेना. वाघोजी घामाघूम.

भिवरानं शांतपणे बरोबर आणलेल्या वाटीतलं दव जात्यात घातलं. जातं लगेच गप्प. म्हणाली, "आधी घास घालावा, मग फिरवावं. घरी कुणी शिकवलं नाही वाटतं."

राजा म्हणाला, "असं का." आणि त्यानं आपला शेला काढून भिवराच्या खांद्यावर घातला. त्या राज्यात बाई सरदार झाली ती पहिली हीच.

मग पहिली सकाळ झाली. बायकांनी पदरानं गवतावरचं दव टिपलं, वाट्यांत पिळलं आणि तटावर दळायला बसल्या. पण प्रत्येकीची ओवी वेगळी. कुणी सासूचं गाऱ्हाणं गातेय, कुणी माहेर आठवतेय, कुणी भराभर, कुणी रडतरखडत. मग धुकं कसं पडलं? भोकाभोकांचं. त्या भोकांतून एकडोळ्याला पाण्याला निघालेली माणसं दिसली. सण्णकन बाण आला, एकाच्या दंडात घुसला. सगळे परत.

भिवरा म्हणाली, "गाऱ्हाणी घरी ठेवायची. इथं सगळ्यांची ओवी एक आणि फेरा एक." आणि तिनं स्वतः ओवी बांधली.

दवाचं गं दळण, दळू साऱ्याजणी सया
थेंबाथेंबासाठी, लेकरांची झुरे काया

मग दुसरी सकाळ. शंभर जाती, पण आवाज एक. धुकं असं दाट, की आपला हात आपल्याला दिसेना. माणसं झऱ्यावर पोचली, घागरी भरल्या. पण परतीची वाट कुणाला सापडेना. कुणी खड्ड्यात पडलं, कुणी घागर फोडली. वर जेमतेम चार घागरी आल्या. चिंगीच्या वाट्याला आले दोन घोट. तिनं डोळे उघडले, आईकडे बघितलं आणि परत मिटले. भिवराच्या काळजाचं पाणी पाणी झालं. पण सरदारानं सगळ्यांसमोर रडून कसं चालेल? ती तोंड फिरवून रडली आणि कामाला लागली.

इकडे घरघर ऐकून शत्रूलाही कळलं, की ही करामत जात्यांची आहे.

मग तिसरी सकाळ. भिवरा वाघोजींना म्हणाली, "आज मी खाली जाते, जातं घेऊन. झऱ्यावर बसून दळेन. जाताना माझ्या जात्याच्या घरघरीकडे या, परतताना तटावरच्या घरघरीकडे जा. वाट चुकणार नाही."

"आणि तुमच्या जात्याचा आवाज ऐकून शत्रू आला तर?" वाघोजींनी विचारलं.

"येऊ दे की. मला तो यायलाच हवाय."

तसंच झालं. घागरी भरभरून वर निघाल्या. तेवढ्यात धुक्यातून शत्रूच्या पावलांचा आवाज आला. भिवरानं हातातला घास संपवला आणि उठली. बरोबरची गोदा म्हणाली, "अगं, जातं? माझ्या माहेरचं आहे ते."

"राहू दे. परत आणून देते," भिवरा म्हणाली, आणि दोघी धुक्यातून वर आल्या.

शत्रूनं जातं नेलं छावणीत. त्यांचा राजा म्हणाला, "बायकांनी दळलं तर धुकं होतं. आपण दळू, वादळ होईल." दोन पैलवान बसवले. त्यांनी खुंटा धरला आणि फिरवला. घास कुणी घातला का? कुंदा काय म्हणते? बरोबर, नाही घातला.

मग काय विचारता. तलवारी निघाल्या, भाले निघाले, तोफांचे गोळे घरंगळत निघाले, सगळे जात्यात. एकडोळ्याचे बाण गेले, धनुष्य गेलं. तोवर ऊन पडलं, धुकं विरलं. त्याला आता गड लख्ख दिसत होता, पण मारायला बाण कुठाय? राजाचा कमरपट्टासुद्धा गेला. तो एका हातानं तुमान सावरत गडाच्या दाराशी आला. "बाई, तुमचं जातं थांबवा."

भिवरा मुठीत दवाचा ओला पदर घेऊन उभी होती. म्हणाली, "आधी वेढा उठवायचा, मग घास." त्यानं वेढा उठवला. परत येणार नाही अशी शपथ घेतली. तेव्हा कुठं तिनं छावणीत जाऊन पदर जात्यावर पिळला.

गडाचा राजा बक्षीस द्यायला पुढं आला, पण भिवरा थांबली नाही. झऱ्यावर गेली, घागर भरली आणि धावत घरी. चिंगीचं डोकं मांडीवर घेतलं. चिंगी एक घोट प्याली, दुसरा प्याली, मग गटागटा प्याली. आणि मग तिनं जे भोकाड पसरलं, ते पार तटापर्यंत ऐकू गेलं. शंभर बायका जाती आवरता आवरता थांबून ते रडणं ऐकत राहिल्या. एवढं गोड त्यांनी कधी काही ऐकलं नव्हतं.

पुढं भिवरा सरदार म्हणूनच राहिली, तिची फलटण राहिली. गोदाचं जातं गोदाला मिळालं. वाघोजी रोज सकाळी भिवरासमोर दळायला बसायचे, आधी घास घालून. सगळे पोटभर प्यायले आणि सुखानं राहिले.

चला, मिटा डोळे. पाण्याचा तांब्या उशाशी ठेवलाय. रात्री तहान लागली तर मला हाक मारा, मी जागीच असते.